यंदा कोण जाणार

त्या दिवशी पाइन बेंडवर तीन सूर्य होते. मधला खरा, आणि दोन्ही बाजूंना थंडीने काढलेले दोन फिकट. असे सूर्य दिसले की गावात कोणी मान वर करून बघत बसत नाही. इंजिन गोठू नये म्हणून गाडीला लावलेली वायर भिंतीतल्या प्लगात नीट बसली आहे ना, एवढं बघतात आणि घरात जातात. स्टेफी हुमेनी तर घराबाहेर पडलीच नव्हती. ओट्याशी उभी राहून ती पिरोही भरत होती. पिठाची चकती, त्यात बटाटा आणि चीज, कड दुमडून चिमटीने दाबायची. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या त्या बोटांना आता बघावंही लागत नसे.

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावर आवाज झाला.

धप्प. मग जाड कापड लाकडावर घासत वर यावं तसा लांबट आवाज. पुन्हा धप्प. पायरीपायरीने तो वर आला, मागच्या दारापाशी थांबला. दाराची कडी सुटली. स्टेफीच्या घोट्यांना गार हवा लागली. मग दार मिटलं आणि घरात फक्त फ्रिजची घरघर राहिली.

ती हात पुसून गेली. मागचं दार बंद होतं, कडी लागलेली होती. बाहेरच्या पायरीवर रात्रभर पडलेला भुसभुशीत बर्फ तसाच होता, पावलाचा ठसासुद्धा नव्हता. खाली राहणारी दोन्ही पोरं घरात नव्हती; हॉकीच्या सरावाला गेली होती.

"नको," ती जिन्याकडे बघून म्हणाली. "यंदा नको."

स्टेफी आणि तिचा नवरा मेट्रो यांना स्वतःचं मूल झालं नाही. पण पाइन बेंड ट्रॅपर्स या हॉकी संघाची मुलं त्यांच्या तळघरात राहिली. बर्फावरची हॉकी खेळायला लांबलांबच्या गावांतून येणारी ही पोरं, सोळा-सतरा वर्षांची असताना येत आणि विसाव्या वर्षी जात. क्लब त्यांना गावातल्या घरी ठेवतो. घर त्यांना जेवू घालतं, शाळेला उठवतं, पराभवानंतर गप्प बसू देतं. स्टेफीला ती बाबा म्हणत. युक्रेनी घरांत आजीला बाबाच म्हणतात, आणि स्टेफी तिशीत होती तेव्हापासून पोरांनी तिला आजी करून टाकलं होतं.

जानेवारीत मात्र घर वाईट व्हायचं. ठरलेल्या तारखेच्या दुपारपर्यंत क्लबांना एकमेकांत खेळाडूंची अदलाबदल करता येते. त्यानंतर जो जिथे आहे तो तिथेच हंगाम संपवतो. त्या दिवसांत फोन वाजला की पोरांचे काटे ताटात थांबत. आणि काही वर्षी, तारखेच्या एकदोन दिवस आधी, जिन्यावरून खेळाची मोठी बॅग ओढत नेल्याचा आवाज येई, आणि जिन्यावर कोणी नसे. ज्या वर्षी तो आला, त्या वर्षी तिच्या घरचा मुलगा गेलाच. स्टेफीने हे मेट्रोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. मेट्रो ऐकून घ्यायचा, सूप ढवळायचा आणि म्हणायचा, "पाइप असतील गं." मेट्रोला जाऊन तीन हिवाळे झाले होते. त्या तीन हिवाळ्यांत जिना गप्प होता.

संध्याकाळी पोरं आली. कोडी इस्बिस्टर आधी. तो बूट काढून जोडीने ठेवायचा. त्याच्यामागे टॅनर व्हॉस, एक बूट दारात, एक मोरीपाशी.

"बाबा, हा माणूस आज गोलसमोर पडला," टॅनर म्हणाला. पुढचा दात नसल्यामुळे तो हसला की लहान मुलासारखा दिसे. "कोणी ढकललं नाही हं. आपला आपण. गाय बसते तसा."

"तुझा पास होता तो," कोडी म्हणाला. "घ्यायला वाकावं लागतं. जमिनीखालून येतो."

"ऐकलंस बाबा? वर्षभरात पहिल्यांदा सलग तीन वाक्यं बोलला."

ती हसली. तिने दोघांना पिरोहीवर क्रीम वाढलं.

वीस वर्षांचे खेळाडू संघात तीनच ठेवता येतात. कप्तानाचं मनगट मोडलं म्हणून नोव्हेंबरात टॅनरला आणला होता. आता मनगट जुळलं होतं आणि वीस वर्षांचे चार झाले होते; एकाला दुसऱ्या क्लबात जावं लागणार होतं. कप्तान जाणार नव्हता, गोलरक्षक तर मुळीच नाही. उरले दोन, आणि ते दोघे तिच्या टेबलाशी बसून एकाच वाडग्यातले तळलेले कांदे उचलत होते.

कोडी सोळाव्या वर्षी आला होता, उत्तरेकडच्या नदीकाठच्या क्री आदिवासींच्या वस्तीतून. गेल्या वर्षी त्याच्या आजोबांची मूत्रपिंडं गेली. त्यांच्या वस्तीत डायलिसिसची सोय नाही, म्हणून म्हाताऱ्याला पाइन बेंडच्या वृद्धाश्रमात आणून ठेवलं. कोडी त्यांना मुशुम म्हणायचा. एक दिवसाआड सरावानंतर तो त्यांना इस्पितळात न्यायचा, मशीन चालू असेपर्यंत शेजारी बसायचा. म्हाताऱ्याशी क्री भाषेत बोलणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. कोडीला दूर समुद्रातल्या बेटावरच्या क्लबाने मागितलं आहे अशी कुजबुज आठवडाभर होती. कोडी गेला तर मुशुम मशीनला जायचंच सोडून देईल, हे त्याने स्टेफीला एकदा भांडी पुसताना सांगितलं होतं. "म्हणतो, तू गेलास की मीही घरी जातो," एवढंच. घरी म्हणजे कुठे, ते दोघांनाही कळलं होतं.

टॅनरचं सांगण्यासारखं कोणी नव्हतं. हा त्याचा पाचवा क्लब. आला तेव्हा म्हणाला होता, "मी बॅगेतले कपडे बॅगेतच ठेवतो, बाबा. सवय आहे." पण गेल्या आठवड्यात ती धुतलेले टॉवेल घेऊन खाली गेली तेव्हा त्याने कपडे खणात लावले होते. पलंगावर भिंतीला त्याच्या कुत्र्याचा फोटो चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी स्टेफी गरम बूट चढवून हॉकीच्या रिंकवर गेली. मुलं घरी ठेवणाऱ्या बायका क्लबच्या कचेरीत जात नाहीत, असा तिथला रिवाज. कोण राहणार, कोण जाणार, हे विचारायचं नाही. एवढ्या वर्षांत तिनेही विचारलं नव्हतं.

कचेरी वरच्या मजल्यावर होती आणि तिची एक भिंत काचेची होती. खाली बर्फावर सराव चालला होता. डेल ऱ्हिन्किव्ह फोन खाली ठेवून उठला. संघात कोण ठेवायचं, कोणाला पाठवायचं, हे तोच ठरवायचा. पोट सुटलेला, केस गेलेला. पण स्टेफीला त्याच्यात अजून अठरा वर्षांचा पोरगा दिसे. तोही तिच्याच तळघरात राहिलेला.

"बाबा! जिने चढून आलीस? फोन करायचास, मीच आलो असतो. पिरोही आणलीस?"

"नाही."

"मग काहीतरी गंभीर दिसतंय."

ती बसली नाही. "कोडीला पाठवू नकोस."

डेलने खुर्ची तिच्याकडे सरकवली. "बस तरी."

"त्याचा म्हातारा इथे आहे. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे." त्याने कपाळ चोळलं. "आता माझंही ऐक. कोडी दिला तर मला बचावाला एक धिप्पाड पोरगा मिळतो, पुढची दोन वर्षं टिकेल असा. टॅनरच्या बदल्यात काय मिळतं? नवीन मुलांच्या पुढच्या निवडीत एक जादा पाळी. कागदावरचा पोरगा, जो आत्ता कुठेतरी सातवीत बसलाय. तीन वर्षं आपण बाद फेरीत गेलो नाही. बोर्डाने मला सांगितलंय, यंदा नाही तर तू नाही. संघाचं बघितलं तर कोडीच जातो. मलाही झोप नाही."

स्टेफीने काचेतून खाली बघितलं. सरावाचे सगळे सदरे सारखेच निळे. तिला कोडी ओळखू येईना.

"म्हणजे तो आवाज कोडीचाच," ती म्हणाली. त्याला नव्हे, काचेला म्हणाली.

 डेल हळूच दारापाशी गेला आणि त्याने कचेरीचं दार लावून घेतलं.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "कधी?"

त्याच्या आवाजात नवल नव्हतं. ते आधी तिच्या लक्षात आलं.

"काय ऐकलं?" तिने विचारलं.

"जिन्यावरची बॅग."

"तुला कोणी सांगितलं?"

"अगं बाबा." तो टेबलाच्या कडेला टेकला. "कर्लिंगच्या खेळाच्या रिंकवर, कॉफीच्या टेबलाशी, सगळ्यांना माहीत होतं. बोर्डाची माणसं तिथेच बसायची ना. जानेवारी आला की मेट्रोला विचारायची, काय मेट्रो, यंदा स्टेफीला काही ऐकू आलं का? तो सांगायचा. यंदा आमच्याकडचा. किंवा, यंदा काही नाही. मग ते त्याप्रमाणे करायचे."

"मेट्रो म्हणायचा पाइप आहेत."

"तुला तसं म्हणत असेल. तू घाबरू नयेस म्हणून."

खाली शिट्टी वाजली. पोरं वळली.

"त्याप्रमाणे करायचे म्हणजे?" स्टेफी म्हणाली. "त्यांनी आधी ठरवलेलं असायचं आणि मला ऐकू यायचं. की मला ऐकू यायचं म्हणून ते ठरवायचे?"

"ते मला कसं माहीत असणार? मला ही खुर्ची मिळाली तेव्हा म्हाताऱ्या अध्यक्षाने एकच गोष्ट शिकवली. हुमेनींच्या घरी विचार. पुढच्याच वर्षी मेट्रो गेला. तुला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीन वर्षं आपल्या अकलेने ठरवलं. बघितलंस ना काय झालं ते?"

"डेल, तू गेलास त्या वर्षी—"

"त्या वर्षीसुद्धा," तो म्हणाला. अगदी साधेपणाने, हवामान सांगावं तसं.

त्या जानेवारीत डेल मागच्या दारात उभा राहून रडला होता. तिने त्याच्या खिशात गरम अंडी कोंबली होती, बोटं गारठू नयेत म्हणून. आदल्या रात्री जेवताना ती मेट्रोला म्हणाली होती, आज पुन्हा ऐकलं रे. त्या वाक्यामागे तिचं दुःख होतं, दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी ते कर्लिंग रिंकवर पोचलं होतं.

डेल तिच्याकडे बघत होता. तोंड किंचित उघडं, पूजेला उभा असावा तसा. "कोणाची होती, बाबा? आवाजावरून कळतं तुला. मेट्रो म्हणायचा, तिला चालीवरून कळतं."

तिला कळलं नव्हतं. जड बॅग होती एवढंच. चाल नव्हतीच. बॅगेमागे पाऊल वाजलंच नव्हतं, हे तिला आत्ता, त्या काचेपाशी उभं असताना, पहिल्यांदा जाणवलं. कोणत्याच वर्षी वाजलं नव्हतं.

हे सांगता आलं असतं. मला काही ऐकू आलं नाही, पाइप असतील, असंही म्हणता आलं असतं. मग डेलने कागदाकडे बघितलं असतं आणि कोडी गेला असता.

"टॅनरची," ती म्हणाली.

"नक्की?"

"एवढी वर्षं ऐकतेय मी."

डेलने डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता, तापातून उठलेल्या माणसासारखा. त्या मोकळेपणाची तिला जेवढी भीती वाटली, तेवढी जिन्याची कधी वाटली नव्हती.

टॅनर दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मॅनिटोबातला कुठलासा क्लब, संघ तळाला, रिंक गळकं. त्याने कोणाला दोष दिला नाही. त्याने फोटो भिंतीवरून इतक्या सांभाळून सोडवला की रंगाचा टवकाही निघाला नाही.

"मीच मूर्ख," तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला. "बॅग रिकामी केली की हे होतं. दर वेळी होतं. आता लग्न झाल्याशिवाय बॅग उघडत नाही बघ."

"तुझ्याशी लग्न करायला आधी तो दात बसव," कोडी म्हणाला. 

"मुशुमला सांग, पत्त्यांत त्याने मला फसवलंय ते मला कळलेलं आहे. वसुलीला येतोय म्हणावं."

स्टेफी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तो आवाज आता खरा ऐकू येईल म्हणून तिने दाराची चौकट धरून ठेवली होती. टॅनर खाली गेला, त्याने बॅग उचलली आणि खांद्यावर घेतली. मोजे घातलेल्या पायांनी तो वर आला. बॅग भिंतीला लागली नाही, पायरीला टेकली नाही. जिन्यातून वारा यावा तसा तो वर आला.

"ओढत आण की," तिच्या तोंडून निघून गेलं. "एवढं जड ते."

"जिना झिजतो, बाबा," तो म्हणाला आणि तिच्या केसांवर ओठ टेकून गेला.

दुपार झाली. मुदत संपली. कोडी राहिला.

आणि ट्रॅपर्स जिंकायला लागले. त्या कागदावरच्या पोरामुळे नव्हे, तो तर अजून सातवीतच होता. कोडी असा खेळला, की बाहेरगावची माणसं त्याचं नाव विचारू लागली. मुशुम चाकांच्या खुर्चीत काचेमागे ब्लँकेट घेऊन बसायचा. संघ बाद फेरीत गेला, तिथेही तीन फेऱ्या टिकला. डेलची खुर्ची वाचली.

गावात कोणी काही बोललं नाही. खाटकाने तिच्या सॉसेजमध्ये न मागता दोन जास्त टाकली. तिच्या अंगणातला बर्फ सकाळी उठायच्या आत कोणीतरी काढून जायचं, कोण ते कधी दिसलं नाही. चर्चच्या तळघरात बायका पिरोही भरायला जमत, तिथे ती आली की टेबलाच्या मधली जागा रिकामी व्हायची. पूर्वी ती कडेला बसायची. एकदा कप्तानाची आई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "थँक यू, स्टेफी." कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही आणि स्टेफीने विचारलं नाही. शेजारच्या बायकांनी मान वर न करता हात चालूच ठेवले.

वसंतात कोडीचा हंगाम संपला. त्याला गावातच धान्याच्या कोठारावर काम मिळालं आणि आश्रमाजवळ खोली. जाताना तो म्हणाला, "रविवारी जेवायला येईन," आणि रविवारी येत राहिला. त्याच्याकडे बघितलं की स्टेफीला आपण केलं ते बरं वाटायचं. जेवण होईपर्यंत वाटायचं. मग तो ताट घेऊन उठायचा आणि टॅनरच्या खुर्चीवरचं ऊन तिला दिसायचं.

उन्हाळ्यात तिने क्लबला कळवलं की आता मुलं ठेवणार नाही. गुडघ्यांचं कारण दिलं. क्लबने फुलं पाठवली. तिने खालचे पलंग सुटे करून चर्चला दिले, जिन्याचं दार लावलं, दारासमोर शिवणयंत्र सरकवलं.

पुढच्या जानेवारीत जिना वाजला नाही. ती ऐकत होती, पण नाही वाजला. तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी पुढच्या दारावर थाप पडली.

डेल उभा होता. टोपी हातात, एवढ्या थंडीत. त्याच्यामागे रस्त्यावर त्याची पिकअप चालूच होती आणि तिच्यात बोर्डाची माणसं बसली होती. गाडीच्या मागच्या नळीतून निघालेली वाफ सरळ वर जात होती.

"आत ये, दार उघडं नको," ती म्हणाली.

"नाही, बाबा. एक मिनिटाचं काम आहे. यंदा वीस वर्षांचे चार आहेत पुन्हा."

"माझ्याकडे कोणी राहत नाही, डेल. तळघर रिकामं आहे. मला काही ऐकू आलेलं नाही."

"ते ठीक आहे. आम्ही विचार केला. तू फक्त ऐक."

"मी त्या पोरांना बघितलेलंसुद्धा नाही."

"ते एका अर्थी बरंच आहे," तो मऊपणे म्हणाला. आणि त्याने नावं घ्यायला सुरुवात केली.

एक नाव घ्यायचा, थांबायचा, तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. स्टेफीने दाराची मूठ घट्ट धरली. तिने चेहरा दगड केला. पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. ती श्वाससुद्धा बेताने घेत होती. तिसरं नाव त्याने घेतलं तेव्हा वारा आला, पायरीवरचा कोरडा बर्फ उडून तिच्या डोळ्यांत गेला आणि तिची पापणी मिटली.

डेलने चौथं नाव घेतलंच नाही.

"बरं, बाबा," तो म्हणाला.

"वारा होता तो. डेल, डोळ्यात बर्फ गेला माझ्या."

"हो." त्याने टोपी चढवली, कान झाकले. "मेट्रो सांगायचा, तिला स्वतःला आधी पटतच नाही."

तो बर्फातून गाडीकडे गेला. आत बसलेल्यांना त्याने काहीतरी सांगितलं. काचेमागचे चेहरे एकदम तिच्याकडे वळले आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने टोपीच्या कडेला बोट लावलं. गाडी रिंकच्या दिशेला वळली.

स्टेफी घरातल्या चपलांनीच पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. हात वर करून ती ओरडली, "तो नाही! डेल, तो नाही—" आणि पुढे त्या मुलाचं नाव घ्यायला तिने तोंड उघडलं. आत्ताच, एकदाच ऐकलेलं नाव. ते तिला आठवेना. तोंडातून निघालेली वाफ तिच्यासमोर लोंबकळत राहिली आणि गाडी धान्याच्या कोठाराआड गेली.